खड्डा दिसतो, साखळी दिसत नाही

"आमचा कुत्रा फार खड्डे करतो रे, काहीतरी उपाय सांग ना."

हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ऐकलं की डोक्यात तिडीकच जाते. खड्ड्यांमुळे नाही हं. विचारणाऱ्याला खड्डा तेवढा दिसतो आणि त्या खड्ड्यापासून दोन हातांवर झाडाला बांधलेली साखळी दिसत नाही, म्हणून.

मी मूळचा यवतमाळचा. पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. जनावरांचा डॉक्टर वगैरे काही नाही, पण घरी लहानपणापासून कुत्री आहेत आणि मित्रमंडळींत 'याला कुत्र्यांतलं कळतं' अशी फुकटची ख्याती होऊन बसलीये. त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. तर मंडळी, आज त्याचं एकदाच आणि सविस्तर उत्तर देतो. थोडं कडू लागेल, इलाज नाही.

आधी कथा ऐका. पात्रं बदलतात, कथा तीच. आपल्यातलाच कुणीतरी, पंचविशी-तिशीतला, हिंजवडीत नाहीतर खराडीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणारा. पगार बरा, वीकेंड रिकामा. घरात पिल्लू येतं. लॅब, किंवा हल्ली हस्की. निळे डोळे! फोटोंवर धडाधड लाइक्स. सहा-आठ महिन्यांत पिल्लाचा घोडा होतो, सोफा फाटतो, सोसायटीची नोटीस येते, मग लग्न ठरतं किंवा ऑनसाइट मिळतं. आणि एक दिवस गाडीच्या मागच्या सीटवरून कुत्रं निघतं गावाकडे. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा... "आईबाबांचं घर आहे, मोठ्ठं अंगण आहे, मजेत राहील."

पहिल्या आठवड्यातच कुत्रं अंगण खणायला घेतं. मोगरा जातो, आईची कोथिंबीर जाते, तुळशीवृंदावनाच्या कडेची माती उपसली जाते. बाबा वैतागतात. पेरूच्या झाडाला साखळी बांधली जाते. 'तात्पुरती'. ती तात्पुरती साखळी मग कुत्रं मरेपर्यंत निघत नाही.

मोठ्ठं अंगण होतं म्हणे. साखळी साडेचार फुटांची. इंजिनीअर लोकहो, पाय आर स्क्वेअर काढा. साधारण चौसष्ट चौरस फूट! तुमच्या बेडरूमच्या निम्म्यात एका धावणाऱ्या जनावराचं अख्खं आयुष्य. आणि वर तक्रार कुणाची, तर आपली.

असो. आता मूळ प्रश्न. कुत्रं खणतं का?

मे महिन्यातलं यवतमाळ डोळ्यांसमोर आणा. पारा ४४-४५ वर. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नाही. माणसं दारं-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर आडवी झालेली. कूलर कसा चालतो हे विदर्भातल्या पोरांना शाळेत शिकवावं लागत नाही. पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता शोषली जाते, हवा गार होते. कुत्र्याचीही नेमकी हीच यंत्रणा आहे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तो नावापुरता. त्याचा सगळा भार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. तोंडातल्या आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त गार होतं. थोडक्यात, कुत्र्याचं तोंड म्हणजे चालताबोलता डेझर्ट कूलर. फक्त त्याच्या टाकीत कोणीतरी पाणी भरावं लागतं, आणि दुपारी दोन वाजता त्याचं भांडं कोरडं ठणठणीत असतं.

मग ते काय करतं? दुसरा मार्ग शोधतं. उन्हात जमिनीचा वरचा थर तव्यासारखा तापतो, पण वीतभर खाली उतरलं की माती गार असते आणि बऱ्याचदा ओलसरही. कुत्र्याच्या पोटावर केस विरळ. वरची माती उपसायची आणि खालच्या मातीला पोट टेकून पसरायचं. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर खळगा करून झोपलेलं रस्त्यावरचं कुत्रं तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. त्याला कोणी थर्मोडायनॅमिक्स शिकवलेलं नाही, पण त्याचं डिझाइन बिनचूक आहे. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात आणि जीवावरचा खेळ. म्हणजे मे महिन्यात खणलेला तो खड्डा हा उनाडपणा नसून जीव वाचवायची धडपड असू शकते.

आमच्या लेआउटमधल्या एका काकांशी माझं यावरूनच वाजलं होतं. त्यांचा कुत्रा कूलरचं पाणी ठिबकतं तिथे खणायचा, म्हणून त्याला उचलून भर उन्हात गेटपाशी बांधलेला. मी म्हटलं, "काका, चव्वेचाळीस अंश आहे. त्या ओलीपाशी तरी बसू द्या त्याला."

"अबे, कुत्र्याले काय कूलर लागते काय?"

लागते ना काका! तो बिचारा स्वतःचा स्वतः बनवतच होता. तुमच्या विजेच्या बिलात एक पैसा न वाढवता. पण काकांना कूलरमागच्या भिंतीची माती उकरली जाण्याची चिंता. पुढे वादात अर्थ नव्हता, मी निघून आलो. आठ दिवसांनी काकूंनीच तो कुत्रा मागच्या अंगणात कडुनिंबाखाली हलवला. काकूंना नमस्कार!

अर्थात प्रत्येक खड्डा उन्हाचा नसतो. आपण कोड डीबग करताना आधी लॉग वाचतो ना? तसा आधी खड्डा वाचा. कुठे आहे, केव्हा होतो, कसा आहे, एवढं पाहिलं तरी बरंचसं कळतं.

१. सावलीत, माठाखाली, नळापाशी, न्हाणीच्या पाण्याजवळ, अंगाच्या मापाचा उथळ खड्डा आणि त्यात कुत्रं पसरलेलं: उकाडा. (थंडीत हेच कुत्रं चुलीच्या राखेत वेटोळं करून झोपतं. तेही तेच गणित, फक्त उलटं.)

२. कुंपणाला लागून, गेटखाली: पळायचंय. बाहेर माजावर आलेली कुत्री असेल, किंवा आतमध्ये भीती वाटण्यासारखं काही असेल. फटाके, नाहीतर तुम्ही.

३. झाडाच्या मुळाशी किंवा भिंतीच्या कडेने सरळ रेषेत पुढे सरकत जाणारा: उंदीर, घूस. कुत्र्यावर ओरडण्याआधी त्याचे आभार माना. जिथे उंदीर तिथे त्यांच्यामागे नाग आणि घोणस यायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

४. छोटासा, नाकाने नीट बुजवलेला: भाकरीचा तुकडा किंवा हाडूक पुरून ठेवलंय. फिक्स्ड डिपॉझिट.

५. मादी कुत्री, आडोशाच्या कोपऱ्यात खोल खणतेय: पिल्लांसाठी जागा. गाभण नसली तरी माज येऊन गेल्यावर सहा-आठ आठवड्यांनी खोट्या गरोदरपणात कुत्र्या असं करतात. तिला रागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

६. कुठेही, कसेही, दहा ठिकाणी, आणि मुख्यतः घरी कोणी नसताना: कंटाळा. नुसता कंटाळा.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक पहिल्या आणि सहाव्या प्रकारातल्या असतात. म्हणजे उकाडा आणि कंटाळा. दोन्ही आपणच पुरवलेले.

शिवाय काही जाती तर माणसाने खणण्यासाठीच घडवल्या. 'डाक्सहुंड' या जर्मन शब्दाचा अर्थच बॅजरचा कुत्रा. बॅजर म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी, त्याच्या बिळात घुसता यावं म्हणून हे आखूड पाय आणि लांब अंग. 'टेरियर' हा शब्द आलाय लॅटिनमधल्या मातीच्या शब्दावरून, टेरा. हस्की बर्फात खळगा करून त्यात झोपणारा. पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून आपणच हा गुण पक्का करायचा, पैसे मोजून तो विकत घ्यायचा आणि मग त्याच गुणासाठी फटके द्यायचे. रिक्वायरमेंट आपली, बिल्ड आपला, आणि बग कुत्र्याच्या नावावर! आणि हो, यवतमाळच्या उन्हात हस्की आणणं यावर मी वेगळं काही लिहीत नाही. त्याच्या अंगावरचा दुहेरी कोट बघा आणि तुम्हीच ठरवा.

आता लोक करतात ते उपाय बघू.

सगळ्यात लाडका उपाय, खड्ड्यात तिखट टाकणे. कुत्र्याचं नाक हा त्याचा सगळ्यात नाजूक अवयव, त्यात आपलं झणझणीत वऱ्हाडी तिखट. डोळ्यांत गेलं तर हाल विचारू नका. आणि निष्पन्न काय? कुत्रं दोन फूट बाजूला नवा खड्डा घेतं. उकाडा तसाच आहे ना.

दुसरा, त्याची विष्ठा त्याच खड्ड्यात पुरणे. वरच्यासारखंच. खड्ड्याची जागा बदलते, कारण बदलत नाही.

तिसरा तर विलायती. विल्यम कोहलर नावाचा अमेरिकन ट्रेनर, डिस्नेच्या सिनेमांसाठी कुत्री शिकवणारा. त्याच्या १९६२ च्या पुस्तकात खणणाऱ्या कुत्र्याचा खड्डा पाण्याने भरून त्यात त्याचं तोंड बुडवायचा सल्ला आहे. साठ वर्षं उलटली तरी असले सल्ले 'अनुभवी' लोकांच्या तोंडून अजून ऐकू येतात.

चौथा सगळ्यात भयंकर. "खड्ड्यात थोडं औषध टाक, वासाने येणार नाही." औषध म्हणजे कीटकनाशक, किंवा उंदरांचं झिंक फॉस्फाइड. अहो, आपण यवतमाळचे आहोत. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, दवाखान्यातले वॉर्ड भरले. हे विष काय करतं हे देशात सगळ्यात आधी आपल्याला कळायला हवं. ज्या अंगणात पोरं रांगतात तिथल्या मातीत कुत्र्याला धडा शिकवायला ते टाकायचं? कुत्रं खणतं नाकाने आणि पंजांनी, आणि नंतर पंजे चाटतं. पुढचं मी सांगायला नको.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे मार. संध्याकाळी घरी आल्यावर दुपारचा खड्डा दाखवून कुत्र्याला मारायचं. "त्याला सगळं कळतं, बघा कसा अपराध्यासारखा तोंड पाडून बसलाय!" मंडळी, याची चाचणी झालेली आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या न्यूयॉर्कच्या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला 'हा खाऊ खायचा नाही' असं बजावून बाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटंच सांगितलं की कुत्र्याने खाऊ खाल्ला. निष्कर्ष असा, की ते पडेल तोंड कुत्र्याने गुन्हा केला की नाही यावर अवलंबूनच नव्हतं. मालक रागावला की ते दिसायचं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, तीही ओरडा बसला की तशीच दिसायची. म्हणजे आपण ज्याला अपराधी भावना म्हणतो ती निव्वळ आपली भीती आहे. दुपारी दोनचा खड्डा आणि संध्याकाळी सातची काठी यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की हा माणूस घरी आला की मार बसतो.

राहिली साखळी. प्रोग्रॅमर मित्रांसाठी सांगतो, साखळी म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. एक्सेप्शन आलं, आपण ते गिळलं, स्क्रीनवर एरर दिसत नाही, म्हणून आपण खूश. प्रश्न आत तसाच. कंटाळलेलं कुत्रं बांधल्यावर खणायचं थांबतं, पण मग दिवसभर भुंकतं, गोल गोल फिरतं, स्वतःचे पाय चाटून चाटून जखमा करतं, आणि एक दिवस दूधवाल्याच्या पोटरीला चावतं. मग "चावरा निघाला" म्हणून त्याला टेम्पोत घालून टिपेश्वरच्या वाटेला सोडून यायला आपण मोकळे.

आणि हे बेकायदेशीर आहे, बरं का. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांच्या पाठपुराव्यातून तो आला. त्याच्या कलम ११ मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा. दुसरी, आणि इथे कायद्याने कुत्र्याचं नाव घेतलंय, सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा! संसदेला हे साठ साली सुचलं होतं. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपये! कॉफी शॉपमध्ये त्यात कॉफीसुद्धा येत नाही. म्हणजे कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल ही आशा सोडा. जे काही व्हायचं ते आपल्याला लाज वाटली तरच.

आता यावरचे ठरलेले आक्षेप.

"गावातली कुत्री कोण फिरवायला नेतं? ती मजेत असतात की." असतात, कारण ती मोकळी असतात. शेतावर जाणाऱ्या बैलगाडीमागे चार मैल पळतात, उकिरडा उकरतात, नाल्यात डुंबतात, सावली सरकेल तशी स्वतः सरकतात. खड्डे तीही करतात, फक्त तिथे कुणाचं लॉन नसतं म्हणून कुणी मोजत नाही. गावच्या कुत्र्याचं उदाहरण द्यायचं तर त्याचं स्वातंत्र्यही द्या ना.

"आम्हाला वेळ नाही." हे प्रामाणिक आहे, मला मान्य आहे. मग पाळू नका. याच्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मलाही बोनसाय आवडतात, मी ठेवत नाही.

"आम्ही त्याला जीव लावतो, घरचाच आहे तो." आपल्याकडे पैनगंगा ओलांडली की माहूरगड. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री, त्यांना आपण हात जोडतो. त्यातल्या एकाच्याही गळ्यात साखळी मी अजून पाहिलेली नाही. तुम्ही पाहिलीये का?

नुसतं झोडपून जाणार नाही. उपाय आहेत, स्वस्त आहेत, आणि बहुतेक सगळे यवतमाळच्या अंगणात आजच्या आज होण्यासारखे आहेत.

ऊन: कडुनिंबाखाली जागा द्या. झाड नसेल तर चार बांबू आणि तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा मांडव. पत्र्याचं शेड नको, ती भट्टी होते. पाण्याची दोन भांडी, मातीची, सावलीत. एक पोतं ओलं करून पसरा. दुपारी घरात घेतलंत तर उत्तमच, फरशीवर ते चुपचाप झोपून जाईल.

कंटाळा: सकाळी ऊन चढायच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर, रोज दोनदा, निदान अर्धा-अर्धा तास. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होत नाही. फिरताना हुंगू द्या, सारखं ओढू नका. हुंगणं हे त्याचं वर्तमानपत्र आहे. जेवण भांड्यात न देता कधीकधी अंगणात पसरून द्या, शोधून खाऊ द्या.

खणण्याची हक्काची जागा: सावलीत चार बाय चार फुटांचा, दीड फूट खोल हौद करा, त्यात वाळू आणि माती. सकाळी थोडं पाणी शिंपडा. आत जवारीच्या भाकरीचे तुकडे, एखादा चेंडू पुरून ठेवा. तिथे खणलं की शाबासकी. दुसरीकडे खणताना दिसलं की आरडाओरडा न करता इथे आणा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून दगड होते आणि पावसाळ्यात चिखल, त्यामुळे वाळू घालाच.

कुंपण: खालच्या कडेला कोंबड्यांची जाळी एल आकारात वाकवून फूटभर आतल्या बाजूला जमिनीखाली पुरा, टोकं खाली दुमडून. वर जुन्या फरश्या ठेवा. नर कुत्रा सारखा पळत असेल तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

उंदीर: पिंजरा लावा. विष नको. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी तेच विष.

एवढं करून एखादा मोगरा गेलाच, तर मोगऱ्याभोवती जाळी लावा. मोगरा जागचा हलत नाही, त्याला कुंपण सोसतं.

शेवटी एकच काम सांगतो, खास माझ्यासारख्या 'गावाकडे कुत्रं पाठवून मोकळ्या झालेल्या' पिढीसाठी. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा "तो बरा आहे ना?" एवढंच विचारू नका. साखळी किती फुटांची आहे ते विचारा. दिवसातून किती तास सुटतो ते विचारा. बाबा उडवाउडवी करतील. मग पुढच्या सुट्टीत गेलात की दुपारी दोनला, कूलर सोडून, त्या पेरूच्या झाडापाशी पंधरा मिनिटं बसून बघा. मोबाइल आत ठेवून. पंधराव्या मिनिटाला तुम्हीही पायाने माती उकरायला लागाल, पैज!